चीक उडाला म्हणे

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, डोळा लाल झाला तेव्हा सगळ्या गावाने एकच निदान केलं: केळीचा चीक उडाला. चोपड्याकडच्या आमच्या गावात केळी कापणाऱ्याचं काहीही दुखलं तरी ते चिकावर ढकलतात. आबांनी जन्मभर कापणीच केली. कोणता घड आज उतरवायचा, कोणता अजून ठेवायचा, हे ते लांबूनच पाहून सांगत. व्यापारी त्यांच्या नजरेवर गाडी भरत.

ताप होता, पण तो कोणी मनावर घेतला नाही. घड वाहून वाहून खांद्यावर काळपुळी झाली होती, पू धरलेलं मोठं गळू. तिच्यावर पोटीस बांधलं की झालं! डोळ्यात मात्र आई दिवसभर गुलाबपाणी घालत होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी जळगावहून फोनवर ओरडले, "अहो, दवाखान्यात जा!" आबा म्हणाले, "काही नही माय, चीक उडना."

त्या डोळ्याने दिसेनासं झालं तेव्हा दोघं माझ्याकडे आले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चिकाची गोष्ट ऐकून घेतली. मग मनगट धरून म्हणाले, "अंग भाजतंय की! सदरा काढा."

"डोळा इथे आहे, साहेब," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी काळपुळी चारी बाजूंनी दाबून पाहिली. डोळ्यात बाहेरून काही गेलंच नव्हतं. काळपुळीतले जंतू रक्तात उतरले आणि आतून डोळ्यापर्यंत पोचले, असं त्यांनी सांगितलं. मला भयंकर राग आला. कुणाचा, ते धड कळेना. जंतूंवर काय रागवणार!

डोळ्यात इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, काळपुळी कापून साफ केली. ताप उतरला. भेटायला येणारे म्हणायचे, जीव वाचला हेच मोठं. आबांना जिवाचं काही पडलं नव्हतं. एका डोळ्यानेही काम होईल, असं मी म्हटलं तर माझ्यावरच उखडले, "एक डोयाना मानूसना हातमा इळा कोन देई?"

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी त्यांचा चांगला डोळा तळहाताने झाकला. "सांगा, किती बोटं?"

"दोन," आबा लगेच म्हणाले.

डॉक्टरांनी दुसरा हात अजून वर केलाच नव्हता.

शेजारी उभी असलेली आई म्हणाली, "बरोबर शे, साहेब."