आईच्या बॅगांना धक्का लागला नाही

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. घरी पोचले की मी गिळून टाकेन आणि मग कधीच बोलणार नाही, मला माहितीये ना मी कशी आहे! घराजवळच्या पापाटोएटो स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून टाइप करतेय, चुका दिसल्या तर सोडून द्या. ऑफिसमधून ट्रेनने आले, गाडीत बसले, चावी लावायच्या आधी फोन बघितला तर पुण्याहून मावशीचा मेसेज. ‘दर शनिवारी त्या जुन्या खटाऱ्यातून फिरवून आईची पाठ कामातून घालवलीस. तिचं ऑपरेशन झालंय याचा तरी विचार करायचास गं.’

मी? माझ्या गाडीने??

आधी गाडीचं सांगते, नाहीतर तुम्हाला कळणारच नाही मी एवढी का पेटलेय. माझी गाडी म्हणजे जुनी अमेरिकन सेडान, वयाने माझ्यापेक्षा मोठी. रंग दुधाच्या चहाचा. लांबी एवढी की ड्राइव्हवेमध्ये लावली तर शेपूट फुटपाथवर येतं. पुढची सीट सलग, अख्खा सोफाच, आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. ज्या म्हाताऱ्या गोऱ्या काकांकडून घेतली त्यांनी बॉनेटवर हात फिरवून एवढंच सांगितलं, हिला घाई आवडत नाही. खरंच नाही आवडत. पेट्रोल पिते हीप्स, ढिगाने. पण चालते कशी! रस्त्यावर खड्डा आहे हे नुसतं डोळ्यांना दिसतं, अंगाला कळत नाही.

मी तेव्हाही दादा-वहिनीकडेच राहायचे, अजूनही तिथेच आहे. गाडी घरी आणली तेव्हा दादा जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून बाहेर आला, एक चक्कर मारली आणि म्हणाला, “ही काय शववाहिनी घेतलीस का?” वहिनी दारातूनच, “अगं, आता हिला लावणार कुठे?”

मग आई इकडे परदेशी आली, सहा महिन्यांसाठी. तिच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. धक्के बसू द्यायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलेलं. एअरपोर्टवर दादाच्या तेव्हाच्या छोट्या गाडीत बॅगाच मावेनात, म्हणून आई माझ्याकडे आली. सवयीने डाव्या दाराशी गेली, आत बघते तर स्टिअरिंग!

“अगंबाई, मी चालवू की काय?”

अमेरिकन गाडी ना, ड्रायव्हर डावीकडे. तिला उजवीकडे बसवलं, पाठीमागे उशी द्यायला गेले तर म्हणाली, नको, बरं वाटतंय. घरापर्यंत झोपलीच. गाडी थांबली तेव्हा डोळे उघडून म्हणते, “पोचलो पण?”

तेव्हापासून शनिवार आमचा झाला. लांब पुकेकोहेला, शेतांकडे, भाजी आणायला जायचं. खरं तर भाजी पापाटोएटोमध्ये चालत अंतरावर मिळते, आई आणि मी दोघींनाही माहीत होतं, दोघीही बोलायचो नाही. घरात आई गप्प असायची. वहिनीच्या किचनमध्ये डबे कुठे ठेवायचे हे विचारूनच ठेवायची. गाडीत बसली, पाय लांब केले, की जी सुरू व्हायची! मावशीच्या लग्नातली भांडणं, बाबांनी साखरपुड्यात मिशी काढून टाकली ते, सगळं. सिग्नलला बाजूचे लोक टक लावून बघायचे, कारण त्यांच्या हिशोबाने साडी नेसलेली एक बाई स्टिअरिंगच नसलेली गाडी चालवतेय. आई दोन्ही हात जोडून त्यांना “किया ओरा”, म्हणजे इथला नमस्कार, म्हणायची, काच बंद असली तरी. मी हसून हसून ब्रेक दाबायला विसरायचे. भाजीवाल्या गुजराती काकू तिला ‘बा’ म्हणायच्या आणि मेथीच्या जुड्या जास्तीच्या टाकायच्या. येताना आई मेथी मांडीवर घेऊन तिथेच निवडायला बसायची. चालत्या गाडीत, पाठीचं ऑपरेशन झालेली बाई! विचार करा किती आरामात असेल.

“धक्का म्हणून लागत नाही गं तुझ्या गाडीत,” हे तिचं वाक्य आहे. तिचं. माझं नाही.

मग दादाने नवी एसयूव्ही घेतली. काळी, उंच, टायर एवढाले. छान आहे, मी नाही म्हणत नाही. पण कडक! फुटपाथवरून उतरली तरी दात वाजतात. ड्राइव्हवेमध्ये पूजा झाली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चारी चाकांखाली लिंबं, आईच्या हातून नारळ. शेजारचे सामोअन काका कुंपणावरून बघत होते, त्यांना पण पेढा दिला. आणि दादाने जाहीर केलं की लाँग वीकेंडला सगळे टाऊपोला जायचं, आपल्या मराठी मंडळातली अजून दोन कुटुंबं पण येतायत.

मी म्हटलं, “आई माझ्या गाडीतून येईल. मी तुमच्या मागे मागे येते, हळू.”

दादा हसलाच. “मुलाने नवी गाडी घ्यायची आणि आईने मागून शववाहिनीतून यायचं?”

“चार तास आहेत रे. तिच्या पाठीचा विचार कर.”

“म्हणून तर! नवीन सस्पेन्शन आहे, मॅडम. तुझं ते सस्पेन्शन नाही, दलदल आहे.”

वहिनी म्हणाली, “आणि सगळे असणार बरोबर. काय वाटेल त्यांना? पहिल्या प्रवासाला आई ह्यांच्या शेजारी पुढे बसल्या तर मी मागे बसेन, माझं काही नाही.”

मी किचनमध्ये आईला गाठलं. ती प्रवासाच्या दशम्या फडक्यात बांधत होती.

“आई, तू एकदा तोंडाने सांग ना त्याला तुला कुठे बसायचंय.”

तिने गाठ मारली. परत सोडली, परत मारली. “अगं, त्याने पहिल्यांदा एवढी मोठी गाडी घेतलीये.”

“मग?”

“मग काय. चार तास काय, बसेन की.”

आता हे ऐका. मी टाऊपोपर्यंत त्यांच्या मागे गेले, माझ्या मऊ मऊ सोफ्यावर एकटी, शेजारची सीट रिकामी. पूर्ण रस्ताभर मला पुढच्या एसयूव्हीच्या मागच्या काचेतून एक हात दिसत होता. खिडकीच्या वरचं हँडल धरलेला. हिरव्या बांगड्या. वळण आलं की तो हात ताठ, रस्ता खराब आला की बांगड्या हलायच्या. सरळ गुळगुळीत रस्त्यावर पण तिने हँडल सोडलं नाही. मी दोनदा हेडलाइट मारले, दादाला वाटलं मी मजा करतेय, त्याने उलट हॉर्न दिला.

मध्ये चहाला थांबलो तर आईला उतरताच येईना. दादा सगळ्यांना सांगत होता, “गाडी उंच आहे ना, सवय नाही तिला.” आणि आई, एक पाय हवेत, माझा खांदा धरून, “गाडी मात्र छान आहे हो.”

“आई, इथून पुढे माझ्याकडे बस,” मी तिच्या कानात.

“शू. लोक आहेत.”

येतानाही त्याच गाडीत. नंतरचं सांगायला पण नको वाटतं. बिछाना, फिजिओ, पायात मुंग्या, शनिवार बंद. तिकीट अलीकडचं केलं. सहा महिने म्हणून आलेली बाई अर्ध्यातच व्हीलचेअरवरून परत. एअरपोर्टला जाताना मला वाटलं आता तरी कोणी काही बोलणार नाही, मी पुढचं दार उघडून उभी राहिले. दादा म्हणाला, “तू बॅगा घे. तुझी डिकी मोठी आहे.” आणि आईला हाताला धरून एसयूव्हीत चढवलं. आई माझ्याकडे बघत नव्हती.

म्हणजे इथल्या मनुका झाडाच्या मधाच्या बाटल्या, चॉकलेटं आणि मावशीला घेतलेली शाल माझ्या गाडीतून गेली. कशालाच धक्का लागला नाही.

तर आज मावशीचा तो मेसेज. मला वाटलं हे दादाचं काम. तिकडे दिवस होता, लगेच आईला फोन लावला.

“आई, मावशीला हे कोणी सांगितलं?”

मागे कुकरची शिट्टी.

“मीच म्हणाले तसं.”

“तू??”

“अगं, ती खोदून खोदून विचारत होती, एकदम कसं झालं म्हणून. नव्या गाडीने म्हटलं असतं तर गावभर केलं असतं तिने, मुलाने आईला मोडून पाठवली म्हणून. त्याच्या कानावर गेलं असतं. त्याला लागतं गं फार.”

“आणि मला?”

“तू समजून घेतेस.”

मग तीच म्हणाली, अगदी आमच्या शनिवारच्या आवाजात, “गाडी आहे ना अजून? विकू नकोस हं. पुढच्या वेळी आले की भाजीला जायला लागेल.”

डॉक्टरांनी तिला आता लांबचा प्रवास कायमचा बंद सांगितलाय. तिला माहितीये. मला माहितीये. मी “हो, ठेवते” म्हटलं आणि फोन ठेवला.

आणि मावशीला? काही लिहिलं नाही अजून. चार वेळा टाइप केलं, चार वेळा पुसलं. खरं लिहिलं तर आई खोटी पडते. मी आता उजवीकडे सरकून आईच्या जागेवर बसलेय. सीटच्या शिवणीत मेथीची एक वाळलेली काडी अडकलीये. घरून वहिनीचा मेसेज आलाय की येताना डेअरीवरून दूध आण, आणि दादा विचारतोय ही गाडी विकून ड्राइव्हवे कधी मोकळा करतेस.

मला सांगा ना, कोणीतरी सांगा. तुमच्या आईने कधी केलंय का असं, तुमच्या भावाला वाचवायला तुम्हाला पुढे केलंय? आणि मग तुम्ही काय लिहिलंत मावशीला?