शाकाहारी घरातल्या कुत्र्याची खाज

आमचा कुत्रा खाजवायला लागला, तेव्हा त्याचं कारण घरातल्या प्रत्येकाला लगेच कळलं. अडचण एवढीच होती, की प्रत्येकाचं कारण वेगळं होतं.

आम्ही नल्लकुंट्यात राहतो. घरात चौघं. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, बायको बँकेत आहे, मुलगी घरी बसून कुठल्यातरी परदेशी कंपनीचं काम करते, आणि माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते जन्मभर वकिली करून आता घराचा कारभार कोर्टासारखा चालवतात. आमचं घराणं निजामाच्या वेळेपासून हैदराबादेत आहे. एवढ्या वर्षांत आमची मराठी बरीच पातळ झाली, मुलीला तर ती वाचताना बोट ठेवावं लागतं. पण आमच्या स्वयंपाकघरात कधी अंडंसुद्धा फुटलं नाही, हे अण्णा प्रत्येक पाहुण्याला चहाआधी सांगतात. कुत्रा आणला तेव्हाही त्यांनी एकच अट घातली होती. घरात राहायचं तर पोळी आणि दही-भात खायचा. कुत्र्याने ती मान्य केल्यासारखं दिसत होतं.

मग तो पंजे चाटायला लागला. चाटून चाटून बोटांच्या मधली कातडी लाल झाली. काखेतले केस गेले. दिवसभर कान झटकायचा आणि पोट फरशीवर घासत हॉलभर सरपटायचा.

अण्णा म्हणाले, फिनेल. फरशी पुसणाऱ्या बाईला फिनेल बंद करायला सांगितलं. घराला वास यायला लागला, खाज तशीच राहिली. बायको म्हणाली, बोअरचं पाणी. मग त्याची आंघोळ पिण्याच्या पाण्याने सुरू झाली आणि आम्ही बोअरच्या पाण्याने आंघोळ करत राहिलो. मुलीचं मत होतं की त्याला अँक्झायटी आहे. तिने त्याच्यासाठी मंद संगीत लावून ठेवलं. ते ऐकत तो शांतपणे खाजवायचा.

मी बेगम बाजारात गेलो. तिथल्या एका जुन्या दुकानातून निंबोळीचं तेल आणि गंधक घेतलं. दुकानदाराने विचारलं, "किसके वास्ते?" मी म्हटलं, कुत्ते के वास्ते. "सात दिन लगाओ," तो म्हणाला, "इन्सान का बी जाता." सात दिवस लावलं. कुत्र्याला बिघडलेल्या लोणच्यासारखा वास यायला लागला, सोफ्यावर पिवळे डाग पडले आणि लाल कातडीची आता आग व्हायला लागली.

शेवटी त्याला हिमायतनगरच्या डॉक्टरणीकडे नेलं. अण्णा धरून सगळे गेलो, कारण आपलंच कारण खरं निघणार याची प्रत्येकाला खात्री होती. डॉक्टरीण तिशीतली, कमी बोलणारी. तिने बारीक कंगव्याने केस विंचरून पिसवा शोधल्या, नव्हत्या. कातडी जराशी खरवडून काचेवर घेतली आणि आत जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आली. खरूजही नव्हती. तेल आणि गंधक आजच्या आज बंद करा म्हणाली. मग विचारलं, "खाता क्या है ये?"

"शुद्ध शाकाहारी," अण्णा म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

"बाहेर का कुछ?"

"सवालच नाही."

तिने आमच्यातल्या एकेकाकडे पाहिलं. बायकोने नाही म्हणून मान हलवली, मुलीने हलवली, मीही हलवली.

इथे मला एक कबूल करायला हवं. दर रविवारी संध्याकाळी मी लायब्ररीत जातो असं घरी सांगत असे. लायब्ररीत मी खरोखरच जायचो, पण परतताना नारायणगुड्याच्या एका हॉटेलात एक प्लेट चिकन कबाब खायचो. हे मी विद्यार्थी असल्यापासून चालू होतं. कुत्रा आल्यापासून मी त्यातले दोन तुकडे कागदात बांधून आणत असे आणि फाटकाशीच त्याला देत असे. तो माझी वाट पाहायचा. घरात कुणी माझी एवढी वाट पाहत नाही.

डॉक्टरणीने उपाय सांगितला. आठ आठवडे तिने दिलेलं खास खाद्य आणि पाणी, बाकी काही नाही. पोळीचा तुकडा नाही, बिस्किट नाही. खाज थांबली तर दोष खाण्यात आहे. मग एकेक पदार्थ पुन्हा देऊन कुठला तो शोधायचा. "एक टुकडा बी दिए तो सब शुरू से," ती म्हणाली.

मी त्या दिवसापासून कबाब आणणं बंद केलं. रविवारी फाटकाशी तो माझे खिसे हुंगायचा आणि मी दुसरीकडे पाहायचो. माझ्या त्यागाचा मला अभिमान वाटत होता. पण तीन आठवडे झाले तरी खाज तसूभर कमी होईना. मला आनंदच झाला, कारण आता कबाब निर्दोष ठरत होते.

डॉक्टरणीला फोन केला. ती म्हणाली, "घर में कोई दे रा है."

अण्णांनी त्याच संध्याकाळी चौकशी भरवली. आम्हा तिघांना डायनिंग टेबलाशी बसवलं. कुत्रा टेबलाखाली पंजा चाटत होता.

"कुणी काही देतं का त्याला?"

"नाही," मी म्हटलं. त्या क्षणी ते खरं होतं.

"मी कशाला देऊ?" बायको म्हणाली.

"आजोबा, मी तर दिवसभर कॉलवर असते," मुलगी म्हणाली.

"आणि मी देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही," अण्णा म्हणाले आणि त्यांनी चौकशी बंद केली. पुरावा नाही.

त्या चौकशीनंतर दहा दिवसांत खाज थांबली. पंज्यांची लाली गेली, काखेत मऊ केस दिसायला लागले, आणि तो दुपारभर न हलता झोपायला लागला. एवढं एकाएकी काय बदललं, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

डॉक्टरणीने पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलेले आठ आठवडे पुरे झाल्यावर एकेक पदार्थ देणं सुरू झालं. आधी पोळी, मग दही. दोन्ही निर्दोष. मग डॉक्टरीण म्हणाली, "अब चिकन."

"पण तो चिकन खातच नाही," बायको म्हणाली.

"हौ," डॉक्टरीण म्हणाली. "फिर बी दे के देखो."

घरी आल्यावर अण्णांनी निकाल दिला, की औषध म्हणून असेल तर हरकत नाही. मात्र भांडं वेगळं हवं आणि शिजवायचं गच्चीवर. मी म्हटलं, पण चिकन आणायचं कुठून, कसं शिजवायचं, आपल्याला काय माहीत.

"विद्यानगरच्या सिग्नलजवळचा तो ताजं देतो," बायको म्हणाली. "त्याच्या शेजारचा नको, तो फ्रीजमधलं खपवतो."

मी तिच्याकडे पाहिलं. ती गॅसचा छोटा सिलिंडर पुसत होती.

"आई, बोनलेस सांग हां," मुलगी लॅपटॉपवरून म्हणाली. "आणि नुसतं उकड. मॅरिनेशनमध्ये मीठ फार असतं."

"छातीचं घेऊ नका," अण्णा म्हणाले. "उकडल्यावर कोरडं होतं. मांडीचं घ्या."

गच्चीवर चौघंही होतो. पातेल्यातून वाफ यायला लागली, तसे सगळे हळूहळू पातेल्याजवळ सरकलो. अण्णांनी झाकण काढून पाहिलं आणि अजून पाच मिनिटं म्हणाले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. आमचं घराणं इतकी वर्षं एकत्र राहिलं ते या शिस्तीमुळेच असावं.

कुत्र्याने वाटी चाटून साफ केली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पंजा चाटायला लागला, रात्रीपर्यंत पोट घासायला लागला. मी डॉक्टरणीला कळवलं. तिने चिकन कायमचं बंद करायला सांगितलं आणि तेवढ्यावर फोन ठेवला. तिच्या जागी मी असतो तर थोडं तरी हसलो असतो.

अण्णांनी शेजाऱ्यांना सांगितलं, की कुत्रा गल्लीत कुठेतरी तोंड घालत असणार. हल्ली लोक रस्त्यावर काहीही टाकतात. शेजाऱ्यांना ते पटलं. आम्हालाही पटलं.

गेल्या रविवारी लायब्ररीनंतर मी त्या हॉटेलात गेलो. कोपऱ्यातल्या टेबलाशी पाठ करून अण्णा बसले होते, समोर त्यांच्या फिरण्याच्या मंडळातले एक निवृत्त न्यायाधीश. अण्णांच्या खांद्यावरून त्यांच्या ताटलीतला मांडीचा तुकडा दिसत होता. मी आवाज न करता मागे फिरलो आणि रस्ता ओलांडून दुसऱ्या हॉटेलात बसलो. तिथले कबाब जरा कोरडे होते.

घरी मी आधी पोचलो. थोड्या वेळाने अण्णा आले, चप्पल काढता काढता म्हणाले, "आज फार चाललो." कुत्र्याने आधी माझे हात हुंगले, मग त्यांचे. आम्ही दोघांनीही हात वर धरले आणि आळीपाळीने बेसिनशी जाऊन साबणाने धुतले.