ढगात बसलेलं माणूस

आधीच सांगतो, भुतंखेतं, चकवा असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मिल्टन कीन्समध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. सिद्ध झाल्याशिवाय काही मान्य न करणं हे माझं कामच. पण गेल्या हिवाळ्यात स्कॉटलंडमध्ये, केर्नगॉर्म्सच्या पठारावर जे झालं ते... तुम्हीच वाचा.

माझी बायको अश्विनी पक्षीवेडी. तिला टार्मिगन बघायचा होता – उंच डोंगरावर राहणारा, तितरासारखा पक्षी. हिवाळ्यात पांढराशुभ्र होतो, बर्फात पायाशी बसला तरी दिसत नाही. आधीच्या हिवाळ्यात आम्ही हात हलवत परत आलो होतो.

त्या सकाळी आकाश मोकळं होतं, फोरकास्टही चांगला. स्की सेंटरच्या कार पार्कपासून चढत वर पोचलो, तर बर्फात पक्ष्यांच्या पावलांचे ठसे!

"ताजे आहेत," अश्विनी कुजबुजली. "आवाज करू नकोस."

माना खाली घालून आम्ही ठशांमागे निघालो. मान वर केली तेव्हा ढग उतरला होता. वर पांढरं, खाली पांढरं... जमीन कुठली, आकाश कुठलं, कळेना. थंडीने फोन बंद पडलेला. आमचे स्वतःचे ठसेही वाऱ्याने बुजले होते.

"इकडूनच आलो आपण," मी म्हटलं आणि चालू लागलो.

तेवढ्यात समोर कुणीतरी बसलेलं दिसलं. नारिंगी जॅकेट, पांढरे केस – एक वयस्कर बाई. पायाशी चार-पाच टार्मिगन, अगदी निवांत. तिने तळहात खाली दाबल्यासारखा केला आणि खास स्कॉटिश उच्चारात म्हणाली, "सिट डाउन, द पेअर ऑफ यू."

मी बसलो. अश्विनी माझ्याआधीच बसली होती. ज्या पक्ष्यासाठी इतकी तडफड, तो समोर असून तिने दुर्बीण उचलली नाही. माझी बाही घट्ट धरून होती फक्त.

किती वेळ गेला, माहीत नाही. ढग विरला तेव्हा समोर कुणी नव्हतं. हातभर अंतरावर बर्फच संपला होता... खाली खोल दरी. आणि ती बाई बसली होती ती जागा कड्याच्या पलीकडे होती. तिथे नुसती हवा.

गुडघ्यांवर रांगत मागे आलो. खाली उतरून गाडीत बसल्यावर मी हीटर लावला.

"त्या बाईंनी थांबवलं नसतं तर..." मी म्हटलं.

"कुठली बाई?" अश्विनीने वळून पाहिलं. "पुरुष होता तो. 'बस गं, बाळा,' म्हणाला."

"मराठीत?... ओळखीचा होता?"

तिने सीटबेल्ट ओढून लावला. "गाडी चालव."

थंडीने, भीतीने भास होतात म्हणे. एकाला झाला असता तर मीही तेच म्हटलं असतं. पण दोघांना, एकाच जागी, एकाच क्षणी, दोन वेगळी माणसं? अश्विनीकडे कदाचित उत्तर असेल... पण तो कोण होता, हे तिने अजून सांगितलेलं नाही.