हार घातलेली गाडी

ती घटना आठवली की आजही माझी मान आपोआप खाली जाते. आयुष्यभर दुसऱ्यांना मान खाली घालायला लावणाऱ्या माणसाने हे लिहावे यात थोडी गंमत आहे, पण ती मला अजून पचलेली नाही. निवृत्त झाल्यावर लग्नकार्यात लोक घेरतात आणि म्हणतात, "साहेब, एखादी गाजलेली केस सांगा की." ही केस गाजली नाही. गाजू नये, अशीच आमच्या ठाण्यातल्या प्रत्येकाची इच्छा होती. नावे कुणाचीच लिहीत नाही.

तेव्हा मी सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. ऐन उन्हाळा होता. चिंचोळी एमआयडीसीत कामाला असलेला एक तरुण बायकोला मागे बसवून मोटारसायकलवरून दुधनीला, सासुरवाडीला निघाला होता. त्यांची लहान मुलगी आजोळी होती, तिला आणायचे होते. दिवेलागणीच्या सुमारास त्याची गाडी रस्ता सोडून मोरीच्या कठड्यावर आदळली. त्याचा हात मोडला. बायकोच्या डोक्याला मार लागला. समोरून गेलेल्या एका मोटारीचा मालक गाडी वळवून परत आला, दोघांना उचलून गाडीत घातले आणि सोलापूरच्या दवाखान्यात आणले. बाई वाटेतच गेली.

दवाखान्यात त्या तरुणाचा जबाब आमच्या हवालदाराने घेतला. तरुण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. "समोरनं गाडी आली. मोठे दिवे तर व्हतेच, पण खाली दोन पिवळे दिवे अचानक लागले. वर तोंड करून बसवल्यागत. डोळ्यांपुढं अंधारीच आली, साहेब. रस्ता कुटं गेला ते कळलंच न्हाय."

आता आमची रीत सांगतो, कारण सगळे दुखणे तिथेच आहे. कागदावर 'अज्ञात वाहन' लिहिले की ते वाहन शोधायचे ओझे ठाण्यावर येते. सापडले नाही तर दर महिन्याच्या आढावा बैठकीत वरिष्ठ विचारणार, काय केले? त्यापेक्षा दुचाकीस्वार स्वतःच पडला असे लिहिणे सोपे. मग सरकारतर्फे फिर्याद होते, आरोपी जागेवरच असतो आणि गुन्हा दाखल होताच उघडही होतो. त्या तरुणावर 'हयगयीने व अविचाराने वाहन चालवून पत्नीच्या मृत्यूस कारणीभूत' म्हणून गुन्हा दाखल झाला. दोन पिवळ्या दिव्यांबद्दल हवालदाराने लिहिले, 'समोरून वाहन आल्याचे सांगतो, परंतु क्रमांक सांगता येत नाही.' कागद माझ्यासमोर आला. मी सही केली.

या पिवळ्या दिव्यांबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. ते धुक्यासाठी असतात. खाली बसवायचे, तोंड रस्त्याकडे ठेवायचे, म्हणजे धुक्यात पुढचा रस्ता आणि त्याची कड दिसते. सोलापूरला धुके पडते किती? थंडीतल्या चार-दोन सकाळी. पण आमच्याकडे रस्त्यावर अंडे फोडले तर शिजेल अशा दिवसांतही फॉग लाइट सुरूच. नवी गाडी घेतली की लिंबू-मिरची आणि फॉग बरोबरच लागतात. वर ते तोंड उंच करून बसवायचे, म्हणजे समोरच्याला कळले पाहिजे कोण येतोय. रस्त्यावर उजेड पडतो की नाही, याच्याशी कुणाला देणेघेणे नसते.

काही दिवसांनी रस्ता सुरक्षा अभियान आले. अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांचा सत्कार करा, असा वरून आदेश होता. त्या मोटारमालकाचे नाव हवालदारानेच सुचवले. खत-बियाण्यांचे दुकान चालवणारा, गावात वजन असलेला, शांत स्वभावाचा माणूस. मी स्वतः त्याला फोन केला आणि उत्साहाच्या भरात म्हणालो, "गाडीही घेऊन या. त्या गाडीचाही मान आहे." ठाण्याच्या आवारात मंडप घातला. मी त्याच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि गाडीच्या बॉनेटवर झेंडूचा हार टाकला. माइकवरून म्हणालो, "एकीकडे बायकोचा जीव घेणारे बेजबाबदार चालक, आणि एकीकडे असे देवमाणूस." टाळ्या झाल्या. फोटो काढला. तो मोठा करून ठाणे अंमलदाराच्या टेबलामागच्या भिंतीवर लावला. येणारा-जाणारा प्रत्येक फिर्यादी तो बघत असे.

नंतरच्या थंडीत एकदा त्या मृत बाईचे वडील दुधनीहून ठाण्यात आले. तालेवार नव्हते, पण ताठ होते. कपाळावर विभूती, बोलण्यात मराठी आणि कानडी एकत्र. त्यांची एकच मागणी होती: जावयाविरुद्धचे दोषारोपपत्र लवकर कोर्टात पाठवा.

"नोड्री साहेब, बघा, नात माझ्याकडं हाय. त्यो दर आठवड्याला येतो आन् दारातनंच परत जातो. मी आत घेत न्हाय. माझ्या लेकीला मारलं त्यानं. आता त्याच्या हातात नातपण देऊ व्हय?"

मी त्यांना शांत केले. चहा मागवला. बोलता बोलता सत्काराचा विषय निघाला, तसा त्यांचा चेहरा जरा सैलावला.

"त्यो माणूस मात्र लई भला. सोमवारी दुधनीला येतो, माझ्या दारात बसतो, पोरीला खाऊ देतो. पण आमच्या घरचं पाणी सुदिक घेत न्हाय. लई आग्रह केला. ताट वाढलं तर उठून गेला. इतका भिडस्त माणूस बघितला न्हाय मी."

मी चहाचा कप खाली ठेवला. भिडस्त माणूस जेवण नाकारतो, पाणी नाकारत नाही. आमच्या भागात ज्या घराशी वैर असते तिथले पाणी कुणी घेत नाही, आणि ज्या घराचे आपल्या हातून वाईट झाले, तिथलेही घशाखाली उतरत नाही. खात्यात असताना मी हे अनेकदा पाहिले होते. पण याने तर उपकार केले होते. मग?

म्हातारबुवा गेल्यावर मी अंमलदाराच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. भिंतीवरच्या फोटोत मी होतो, शाल पांघरलेला तो होता, मागे गाडी होती. झेंडूच्या हाराच्या बरोबर खाली दोन पिवळे दिवे होते. तोंड वर केलेले. ज्याचा शोध घ्यायचा नाही असे आम्ही ठरवले होते, तो पुरावा आम्हीच हार घालून भिंतीला टांगला होता. अंमलदाराने विचारले, "काय झालं, साहेब?" मी म्हणालो, "खिळा काढ."

दुसऱ्या दिवशी त्या मोटारमालकाला निरोप पाठवला. तो गाडी घेऊनच आला. आधी मी गाडी पाहिली. बंपरखाली दोन रिकाम्या पट्ट्या होत्या, दिवे नव्हते. आत बसल्यावर त्याला चहा दिला. तो प्यायला. म्हणजे माणसाचा काही उपास नव्हता.

"गाडीचे फॉग कुठे गेले?" मी विचारले.

"काढले, साहेब. नको वाटले."

"कधी काढले?"

"सत्काराच्या दुसऱ्या दिवशी."

खोटे बोलणाऱ्याला असे दिवस आठवत नाहीत. त्याला सांगावे लागते, आठव. याच्या ओठांवरच होता. मी फोटो त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. ओरडलो नाही, धमकावले नाही. खरे सांगायचे तर तो फोटो समोर असताना ओरडायचे तोंड मला नव्हते. त्याने फोटो जवळ ओढला आणि बोलू लागला.

"त्यानं दिपर मारला, साहेब. दोनदा मारला. माझा लाइट वर व्हता, तेवढा खाली करायचा, बास. पण मला राग आला. म्हटलं, दुचाकीवाला मला शिकवतो व्हय? आन् फॉगचं बटण दाबलं. जिरवायची म्हणून. दुसरं काय न्हाय. पुढं जाऊन आरशात बघितलं, तर मागं त्याचा लाल दिवाच दिसंना."

"मग परत का आलास?"

"न येऊन कुटं जाणार?"

"आणि सांगितलं का नाही?"

"दवाखान्यातच सांगणार व्हतो. तुमचे हवालदार म्हणाले, मदत करणाऱ्याला आम्ही त्रास देत न्हाय, बिनघोर जावा. मग तुमचा फोन आला. म्हटलं, चारचौघांत तरी बोलावं. तवर तुम्ही शाल घातली." त्याने फोटो माझ्याकडे सरकवला. "शाल अंगावर पडल्यावर काय बोलायचं, साहेब?"

 मी टोपी टेबलावरून उचलली आणि परत ठेवली. त्याच्याबद्दल चीड होती, पण त्या चिडीत मी एकट्या त्याच्यावरच बोट ठेवू शकत नव्हतो.

पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही. तो म्हणाला, मॅजिस्ट्रेटसमोरही हेच सांगतो. त्याप्रमाणे सांगितलेही. दुकानाच्या गोदामातून पोत्यात गुंडाळलेले दिवे पंचांसमक्ष जप्त केले. ज्या फिटरने ते तोंड वर करून बसवले होते त्याचा जबाब घेतला. "गिऱ्हाईकानं सांगितलं तसं बसवलं," तो म्हणाला. जावयाचे नाव आरोपी म्हणून वगळण्याचा अहवाल मी स्वतः लिहिला. त्यावर सही करताना जुनी सही आठवत होती.

मग जावयाला आणि सासऱ्याला ठाण्यात बोलावले. सासरे आधी माझ्या खोलीत आले. मी सगळे सांगितले, काही लपवले नाही, आमचे चुकले तेही सांगितले. मला वाटले ते त्या दुकानदाराला शिव्या देतील, मला देतील. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.

"साहेब, शवविच्छेदनाच्या खोलीच्या दारात तुमचा हवालदार म्हणाला, जावयावर गुन्हा दाखल होतोय. मी लेकीला दुधनीला नेलं, आमच्या रानात. आमच्यात जाळत न्हाईत, माती देत्यात. त्यो आला व्हता, हात गळ्यात बांधलेला. मूठभर माती उचलली त्यानं. मी मनगट धरलं. ती माती खाली टाकायला लावली त्याला, साऱ्या भावकीदेखत." त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिले. "पोलिसांनी लिवलंय म्हटल्यावर इस्वास ठेवला की मी."

आम्ही पोलीस समजतो की फिर्याद म्हणजे कोर्टात जायचा कागद. तिथे चुकले तर दुरुस्तीला जागा असते, पुरवणी जबाब असतो, वकील असतो. पण तो कागद कोर्टात जायच्या कितीतरी आधी माणसांच्या घरात पोचतो, मातीपर्यंत पोचतो. तिथे कुठला पुरवणी जबाब चालत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर हे मला त्या म्हाताऱ्याने शिकवले, आणि तेही मला दोष न देता.

"जावई बाहेर बाकावर बसलाय," मी म्हणालो.

"म्हाईत हाय. त्याच्या समोरनंच आलो. माझी मान वर झाली न्हाय."

आम्ही बाहेर आलो. सासऱ्यांना बघताच तरुण उठला आणि पाया पडायला वाकला. म्हातारबुवा चटका बसल्यासारखे मागे सरले, पाय आखडून घेतले. तरुण तसाच अर्धवट वाकलेला राहिला.

"अजून राग गेला न्हाय व्हय, मामा?"

 मग मीच बोललो. "राग नाही रे. तुझ्या नमस्काराची त्यांना लाज वाटते. मलाही वाटते. चूक तुझी नव्हती. खाली दोन पिवळे दिवे होते, तू सांगितलेस तेच खरे होते."

तो सरळ झाला. रागावेल असे वाटले होते, रागावला नाही. सासऱ्यांनी त्याचा मोडून जुळलेला हात धरला आणि कसेबसे म्हणाले, "चल. पोरीला न्यायला चल. माझ्या हातानं देतो."

"व्हय, मामा," तो म्हणाला. "पण आदी मला तिच्या मातीवर न्या."

मी ठाण्याची जीप देऊ केली. म्हातारबुवांनी हात जोडले. "नको साहेब, आमी एस्टीनं जातो." मी आग्रह केला नाही.