कानिफनाथ खाली उतरला

काष्टीच्या शिवारात कानिफनाथसारखा ट्रॅक्टरवाला नाही, असं लोक म्हणायचे आणि त्याची बायको चांगुणा कपाळावर हात मारून घ्यायची. कांदा भरायच्या दिवसांत हा पठ्ठ्या ट्रॅक्टर अगदी हळूच्या गिअरात टाकायचा आणि खाली उडी घ्यायचा. सीटवर कुणी नाही, ट्रॅक्टर आपला चाललाय, आणि हा शेजारून चालत गोण्या ट्रॉलीत फेकतोय! बांध जवळ आला की पळत जाऊन टांग टाकून वर. तेवढीच एका माणसाची मजुरी वाचते म्हणून सगळं शिवारच असं करतं, पण ह्याचा रुबाब काही औरच.

गेल्या साली पायरीला चिखल होता. टांग टाकली, पाय सटकला, आणि मागचं चाक डाव्या पायावरून गेलं. गुडघ्याखालचा पाय गेला तो गेलाच.

चांगुणेनं ट्रॅक्टर विकायचं ठरवलं. कानिफनाथ हट्टाला पेटला. नकली पाय बसवून घेतला, भिंत धरून चालला, पडला, साऱ्या जगाला शिव्या घातल्या, पुन्हा उठला. शेवटी तिनं अट घातली.

"एकट्यानं चढा, बांधापतोर चालवा, एकट्यानं उतरा. कुनाचा हात लागला तर उद्याच गिऱ्हाईक बोलावते."

सकाळीच भावकी रानात जमली. कानिफनाथनं आधी फडक्यानं पायरी पुसली. दोन्ही हातांनी पकड घेतली, चांगला पाय वर टाकला, नकली पाय मागून उचलून घेतला. बांधापर्यंत चालवलाही झकास.

"मार उडी, गड्या!" चुलतभाऊ वैजनाथ सवयीनं ओरडला.

कानिफनाथनं गिअर काढला, हातब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली. मग सगळ्यांकडं पाठ करून, ट्रॅक्टरकडं तोंड करून तो उतरायला लागला.

"शिडीवरनं उतरतोय का काय ह्यो!" वैजनाथ हसला.

नकली पाय खाली आला आणि हवेतच चाचपडला. पायरी डोळ्यांना दिसेना. आणि लाकडासारख्या त्या पायाला काय कळणार, कप्पाळ! चांगुणेचे हात आपोआप पुढं झाले. तिनं ते पदरात कोंबले. कानिफनाथनं डोळे मिटले होते. हा बाबा चक्क कान देऊन ऐकत होता! पायरीवर टक् असा आवाज झाला, तेव्हा कुठं त्यानं त्या पायावर भार टाकला. दोन्ही मुठी आवळलेल्याच. मग चांगला पाय पायरीवर घेतला, नकली पाय जमिनीला लागल्याचा आवाज ऐकला, चांगला पाय शेजारी टेकवला, आणि शेवटी हात सोडले. वैजनाथचं हसू कधीच विरलं होतं.

ज्याच्या उड्या बघून गाव शिट्ट्या मारायचं, त्याला एक पायरी उतरताना बघून चांगुणेच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं पदरानं डोळे पुसले.

"बोलाव तुझं गिऱ्हाईक," तो धापा टाकत म्हणाला.

"मरू द्या त्याला," ती म्हणाली. "अहो, पुन्हा एकदा चढा की. मला पुन्हा बघायचंय."