मांडीवरची हळद

तुमच्या चुलत बहिणीचे गुडघे कसे आहेत, असं तुम्ही नातवंडं फोनवर विचारता आणि मी 'बरे आहेत' म्हणून मोकळी होते. आज नीट लिहिते.

शरीराची रोगांशी लढणारी ताकद तिच्या बाबतीत तिच्याच सांध्यांवर उलटली आहे. पूर्वी सकाळी ती भिंत धरून बाथरूमपर्यंत जायची. आता दर पंधरा दिवसांनी मांडीत इंजेक्शन असतं आणि ती सोसायटीत लंगडी खेळते. फ्रीजचा मधला कप्पा मी त्या इंजेक्शनांसाठी रिकामा केला आहे. तिथे कोथिंबीरसुद्धा ठेवू देत नाही.

दिवाळीच्या सुमारास टोचलेल्या जागी लाल चट्टा उठला. पुरीएवढा, हाताला गरम. "उद्या तपासणी आहेच, दाखवू," मी म्हटलं. तिने फ्रॉक ओढून चट्टा झाकला. संध्याकाळी भाजी घेऊन आले, तर मांडी पिवळीधमक.

खालच्या मजल्यावरची शेजारीण कोपरखैरणे गावातलीच. म्हणाली, "पोरच आली हलद मागाला. मंग मीच लावली. काय नाय होत, थंडावा येल."

साबणाने घासूनही रंग गेला नाही.

"कोणाची हळद होती?" डॉक्टर बाईंनी विचारलं. पिवळ्याखाली लाल काही दिसेना. त्यांनी बोटांनी दाबून पाहिलं.

"दुखतं?"

"नाही."

"काल चांगलं लाल होतं," मी म्हटलं.

तशी ती माझ्यावर उसळली. "आजी, तू का सांगितलंस? आता बंद करतील." मागच्या खेपेला बाहेर बाकावर भेटलेल्या एका मुलीचं औषध अंगावर पुरळ आल्यामुळे थांबवलं होतं म्हणे. हिला पुन्हा भिंत धरायची नव्हती.

डॉक्टर बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "एवढ्या चट्ट्यासाठी मी बंद करत नाही. बऱ्याच मुलांना येतो, जातो. पण पसरला, अंगभर पित्त उठलं, ताप आला, खोकला हटेना, तर लगेच सांगायचं. श्वास लागला किंवा तोंड सुजलं, तर थेट हॉस्पिटल. लपवलंस तर मला कळणार कसं?"

"आणि बंद केलंच तर?"

"दुसरं औषध बघू."

"टोचायचं?"

"त्यावरून तेव्हा भांडू."

मग माझी पाळी. इंजेक्शन फ्रीजमधून अर्धा तास आधी बाहेर काढायचं, दर वेळी जागा बदलायची, नंतर हळद नको, गार पाण्याची पट्टी ठेवायची. मी ते थेट गारच टोचत होते.

परवा पुन्हा चट्टा आला, लहानसा. तिने स्वतःच त्याच्याभोवती बॉलपेनने रेघ मारली आणि मला दाखवली. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या बरीच आत आली होती. ते शेजारणीला दाखवायला ती जिन्याने खाली गेली, कठडा न धरता.