थोरलीचा रुसवा

धरणाच्या वीजघरात यंत्रांना तेल घालणारा तेलवाला रोज कामावर जाताच सगळ्यांत जुन्या यंत्राच्या पाठीवर थाप मारायचा. "काय थोरले, बरी आहेस ना?" विचारलं नाही तर ती रुसेल आणि गावभर अंधार होईल, अशी त्याची पक्की समजूत.

एकदा तो तापाने घरीच राहिला. संध्याकाळी गावभर दिवे लखलखले आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.
"माझ्यावाचून तिचं काही अडत नाही गं."

बायकोला बघवेना. तिने आधी खिडकीचे पडदे ओढले, मग हळूच मेन स्विच पाडला.

"बघ, रुसली!" तो टुणकन उठला आणि अंधारातच पोटभर जेवला.

म्हातारपणी, शेवटचं झोपताना, तो बायकोला म्हणाला, "दिवा मालव गं, थोरलीला जरा टेकू दे."